टूर्नामेंट वॉटर-स्की बोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मध्य फ्लोरिडात राहते आणि शनिवार-रविवार एका तळ्यावर वॉटर-स्कीअरना, म्हणजे पायांत स्की घालून दोरीला धरून बोटीमागे पाण्यावरून सरकणाऱ्यांना, ओढणारी बोट चालवते. माहेर मालवणचं, त्यामुळे बोटींची भाषा लहानपणापासून कानावर आहे. प्रॉपेलरला आमच्याकडे पंखा म्हणतात, रडरला सुकाणू. इथेही तेच शब्द वापरले आहेत. भारतातून, टेक्सासमधून, न्यू जर्सीतून मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे जरा गुंतागुंत वाढते. जिथे उत्तर आधीच येऊन गेलंय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टूर्नामेंट स्की बोट म्हणजे काय? साधी स्पीडबोट चालत नाही का?

हौसेपुरतं स्की करायचं असेल तर साधी स्पीडबोट चालते, स्पर्धेसाठी नाही. स्पर्धेत बोटीकडून तीनच गोष्टी हव्या असतात: सरळ रेषेत जाणं, वेग तसूभरही न बदलणं, आणि मागे शक्य तितकी लहान, मऊ लाट सोडणं. साधारण ६ मीटर लांब, वर सुमारे २.४ मीटर रुंद आणि दीड टनाच्या आसपास वजनाची ही बोट या तीन गोष्टींसाठीच घडवलेली असते. आत बसायला जागा बेताची, शोभा बेताची. लोक तिला वेगाची बोट समजतात. मी तिला पाण्यावरून सरकणारा खांब म्हणते. दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस जीव तोडून ओढत असतो आणि या टोकाने हलायचं नसतं.

२. इंजिन मागे नसून मधोमध का?

समुद्रावर आपण पाहतो त्या आउटबोर्ड बोटींचं इंजिन मागच्या फळीवर लटकलेलं असतं. सगळं वजन मागे, त्यामुळे बोट नाक वर करून चालते, शेपूट पाण्यात खोल रुतते आणि मागे मोठी लाट उठते. स्की बोटीत इंजिन मधोमध, पेटीसारख्या झाकणाखाली असतं. तिथून सरळ शाफ्ट थोडा तिरका होऊन तळातून बाहेर पडतो आणि बोटीच्या खालीच पंखा फिरवतो. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. वजन मध्यावर आल्यामुळे बोट पाण्यावर सपाट बसते.

दुसरा फायदा सुरक्षिततेचा. पंखा बोटीच्या पोटाखाली असतो, मागे उघडा नसतो. इंजिन चालू असताना पाण्यातल्या माणसाला जवळ घ्यायचं नाही हा नियम तरीही पाळायचाच.

दोरी बांधायचा खांब, म्हणजे पायलन, इंजिनाच्या अगदी पुढे असतो. तो बोटीच्या गुरुत्वमध्याजवळ असणं फार महत्त्वाचं. दोरी मागच्या टोकाला बांधली तर स्कीअरने डावीकडे ओढलं की बोटीची शेपूट डावीकडे जाईल आणि नाक उजवीकडे वळेल. खांब मध्यावर असला की तीच ओढ बोटीला वळवत नाही, फार तर अख्खी बोट किंचित आडवी सरकवते. ते सरकणं अडवायला तळाच्या मध्यरेषेवर, पंख्याच्या पुढे, धातूचे उभे फिन लावलेले असतात. बोट ट्रेलरवर असेल तर वाकून पाहा, ओळीने दिसतील.

३. स्पर्धेत वेग ५८ किलोमीटरच असतो म्हणे. मग तीनशे-चारशे हॉर्सपॉवर कशाला?

स्लॅलममध्ये, म्हणजे बोयांना (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या गोळ्यांना) वळसे घालत जाण्याच्या प्रकारात, पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर आणि स्त्रियांसाठी ५५. एवढ्यासाठी खरंच इतकी ताकद लागत नाही. ती लागते वेग टिकवायला. स्कीअर एका बाजूच्या बोयाला वळून दुसरीकडे झेपावतो तेव्हा दोरीवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. ही ओढ दर अडीच सेकंदांनी येते. प्रत्येक वेळी बोट मंदावू पाहते आणि इंजिनाने तत्काळ जोर देऊन ती सावरायची असते. मोठं पेट्रोल व्ही-८ इंजिन घालतात ते सावकाश फिरतानाही भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळावा म्हणून. खालचा पंखाही त्याच हिशेबाने निवडतात. कमाल वेगावर कोणी भर देत नाही.

दुसरं कारण सुरुवात. खोल पाण्यात बसलेल्या माणसाला एका झटक्यात पण दणका न देता वर काढायचं असतं.

४. स्लॅलमचा मार्ग कसा असतो?

पाण्यात नांगरलेले बोये असतात. प्रवेशापासून शेवटापर्यंत २५९ मीटर. प्रवेशद्वारापासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढे दर ४१ मीटरला एक असे सहा, आणि सहाव्यानंतर २७ मीटरवर बाहेरचं दार. स्कीअरचे बोये मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर, आलटून पालटून डावी-उजवीकडे. बोटीला मधली गल्ली. गल्लीचे बोये एकमेकांपासून २.३ मीटरवर, म्हणजे बोटीच्या वरच्या रुंदीपेक्षाही किंचित कमी. पाण्याला टेकणारा तळ अरुंद असतो म्हणून ती त्यातून जाते.

चालकाच्या जागेवरून हे कसं दिसतं ते सांगते. समोर केशरी-पिवळ्या गोळ्यांची दुहेरी रांग, दोन्ही बाजूंना बोटीला अगदी चिकटून सटासट मागे जाते. स्टिअरिंगवर बोटं हलकी ठेवायची. मागे खांबावर 'धप्प' बसतं, बोटीची बाजू एक केसभर दबते, आणि तो दाब येण्याच्या क्षणभर आधीच तुमच्या बोटांनी उलट बाजूला सुकाणू दाबलेलं असावं लागतं. धप्प ऐकून मग हात हलवला तर उशीर झालेला असतो. अशी सहा वेळा ओढ, सोळा सेकंदांत.

५. दोरी 'आखूड करत नेतात' म्हणजे काय?

कमाल वेगाला सहाही बोये पार केले की वेग वाढवत नाहीत, दोरी कापतात. साधारण क्रम असा: १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. प्रत्येक लांबीला दोरीवर वेगळ्या रंगाचा फास असतो.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर आणि दोरी ११.२५! म्हणजे दोरी ताणून अगदी काटकोनात आली तरी हॅंडल बोयापर्यंत पोचत नाही. उरलेलं अंतर माणसाने स्वतःच्या अंगाने भरून काढायचं: एक हात सोडून, अंग बाहेर झोकून, पायाखालची स्की बोयापलीकडून फिरवून. अमेरिकन स्कीअर नेट स्मिथने २०१३ साली ९.७५ मीटर दोरीवर अडीच बोये घेतले. त्या लांबीला स्कीअर झोक्यासारखा बोटीच्या जवळजवळ बाजूला येतो, आणि तिथे बोट वीतभर चुकली तरी सगळं संपतं. बोटीच्या रचनेवर एवढा खल का होतो ते इथे कळतं.

६. बोटीमागची लाट लहान कशी ठेवतात?

वजनाची मांडणी (प्रश्न २) हा अर्धा भाग. उरलेला अर्धा तळाच्या आकाराचा. पुढे तळ धारदार व्ही आकाराचा असतो, म्हणजे पाणी कापलं जातं. मागे येईपर्यंत तो बराच सपाट होतो, म्हणजे बोट पाण्यावर उचलली जाऊन सरकते. व्ही खोल केला तर लाटाळ पाण्यात बोट मऊ चालते पण मागची लाट वाढते. अगदी सपाट केला तर लाट लहान होते पण बोट आपटते आणि आडवी घसरते. दर काही वर्षांनी नवा साचा येतो तो याच दोहोंमधली जागा शोधत.

लाटेचा आकार दोरीच्या प्रत्येक लांबीला वेगळा असतो हे पुष्कळांना माहीत नसतं. बोटीच्या दोन्ही बाजूंनी निघालेलं पाणी मागे काही अंतरावर एकमेकांवर चढतं आणि मधे उंचवटा तयार होतो. कित्येक बोटींत तो १६ मीटर दोरीवर नेमका पायाखाली येतो. म्हणून मधल्या पातळीचे स्कीअर तक्रार करतात आणि अव्वल स्कीअर म्हणतात लाट कुठे आहे? दोघंही खरं बोलत असतात. हल्ली मागच्या काठाला एक लहान हलती पट्टी बसवतात, ती थोडी खालीवर करून लाटेची धार मऊ करता येते.

बोटीत बसलेल्या माणसांचाही परिणाम होतो. सरावात मागच्या बाकावर तिघे गप्पा मारत बसले की लाट बदलते. स्लॅलमच्या स्पर्धेत म्हणूनच चालक आणि एक पंच, एवढेच.

७. आखूड दोरीवर तोंडावर पाण्याचा फवारा येतो. हा दोष माझा की बोटीचा?

बोटीचा, बहुतेक वेळा. तळाच्या कडेवरून पाणी बाजूला फेकलं जातं. लांब दोरीवर तुम्ही बोटीपासून लांब असता, तोवर ते खाली बसलेलं असतं. १२ मीटरच्या आतबाहेर आलात की त्याच पट्ट्यातून जावं लागतं. चांगल्या बोटींच्या तळाला कडेने पायऱ्या आणि खोबणी अशा दिलेल्या असतात की फवारा खाली आणि मागे वळावा. समोरून वारा असेल तर मात्र कोणत्याही बोटीत थोडं पाणी डोळ्यांत जाणारच.

८. वेग एकसारखा कसा ठेवतात? पूर्वी तर माणूसच थ्रॉटल धरायचा ना?

हो, आणि ती कलाच होती. ताशी ५८ किलोमीटर वेगाने २५९ मीटर पार करायला १६.०८ सेकंद लागतात, ५५ ला १६.९५. पंच स्टॉपवॉच लावायचे. चालक हाताने थ्रॉटल ढकलत-ओढत त्या वेळेच्या जवळ राहायचा. जड स्कीअर असेल तर किती आधी जोर द्यायचा हे अंगात मुरलेलं असायचं. गोम अशी की एकूण वेळ बरोबर आली तरी आतला वेग कमी-जास्त झालेला असू शकतो. चालक मनाचा मोठा असेल तर सगळ्यांना सारखं ओढायचा, पण माणूस तो माणूस.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची परफेक्ट पास ही यंत्रणा आली. एक छोटी मोटर थ्रॉटलची केबल ओढायची आणि इंजिनाचे फेरे धरून ठेवायची. वेळ मोजायला बोयांखाली चुंबक टांगलेले असत, त्यावरून बोट गेली की घड्याळ सुरू. पुढे २००८ च्या सुमारास जीपीएसवर चालणारी झीरो ऑफ रूढ झाली. ती फेरे धरत नाही, प्रत्यक्ष वेग धरते. बोट किंचित मंदावली की इंजिनाच्या संगणकालाच आज्ञा देते. त्यासाठी थ्रॉटल केबलवर नव्हे, विजेच्या तारेवर चालणारं इंजिन लागतं. जुन्या केबलवाल्या बोटीत परफेक्ट पासची जीपीएस आवृत्ती बसते, झीरो ऑफ बसत नाही. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, म्हणून स्पष्ट लिहिलं.

नवीन तळ्यावर गेलात तर आधी मार्गातून एक फेरी मारून यंत्रणेला दारं 'दाखवावी' लागतात. त्यानंतर ती जागा तिच्या लक्षात राहते.

९. ते 'ए-१', 'बी-२', 'सी-३' काय असतं? मी कोणतं मागू?

झीरो ऑफमध्ये स्कीअरला स्वतःची निवड सांगता येते. एक अक्षर आणि एक अंक मिळून ठरतं की तुमची ओढ जाणवल्यावर इंजिन किती लवकर आणि किती जोरात उत्तर देईल. एकूण वेळ सगळ्यांची तीच, फक्त त्या सोळा सेकंदांत जोर कधी मिळतो ते बदलतं. काहींना बोयाकडून निघताच भक्कम ओढ आवडते, काहींना ती हळू चढलेली.

माझा सल्ला: मित्राची निवड उचलू नका. एक मऊ निवड घ्या, तिच्यावर महिनाभर स्की करा, मगच बदला. दर फेरीला बदलणारे स्कीअर मी पाहते. त्यांना बोट कळत नाही आणि स्वतःची चूकही कळत नाही.

१०. ट्रिक आणि जंपला हीच बोट चालते?

हीच, आणि रचनाकाराची खरी कसरत इथेच आहे, कारण तिघांच्या गरजा एकमेकींच्या आड येतात.

ट्रिकमध्ये वेग स्लॅलमच्या जवळजवळ निम्मा आणि तो स्कीअर स्वतः सांगतो. २० सेकंदांच्या दोन फेऱ्यांत जमतील तितक्या करामती. इथे लाट नकोशी नसते, उलट हवी असते: मधे सपाट, दोन्ही कडा टणक आणि एकसारख्या, कारण तिच्यावरून उडी घेऊन गिरकी घ्यायची असते. म्हणजे जो तळ ५८ ला लाट पुसून टाकतो त्यानेच ३० च्या आसपास नीटस लाट घडवायची. काही करामतींत दोरीचं हॅंडल पायात अडकवतात. तेव्हा खांबावर सुटी करणारी कळ असते आणि ती धरून एक माणूस बोटीत बसतो. स्कीअर पडतोय असं दिसताच दोरी सोडायची, नाहीतर गुडघा जातो. हे काम साधं नाही. मी स्वतः ट्रिकला चालक म्हणून बसायला कधीही तयार असते, पण ती कळ धरायला अनुभवी माणूसच लागतो.

जंपमध्ये, म्हणजे तिरक्या चढणीवरून लांब उडी घेण्याच्या प्रकारात, दोरी २३ मीटरची, वेग पुरुषांसाठी कमाल ५७ आणि स्त्रियांसाठी ५४. स्कीअर बोटीच्या एका बाजूला दूर जाऊन मग चढणीकडे झेपावतो. त्या शेवटच्या झेपेत दोरीवरची ओढ स्लॅलमपेक्षाही मोठी आणि लांब चालते. म्हणून जंपमध्ये वेग तुकड्या-तुकड्याने मोजतात, ८२ मीटरचा एक आणि ४१ मीटरचा दुसरा. अव्वल पुरुष ७० मीटरपलीकडे उडतात.

११. या बोटींची सुरुवात कुठून झाली? आज कोण बनवतं?

१९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन पहिल्यांदा दोन फळ्यांवर उभा राहिला, तेव्हा कोणतीही मोटरबोट चालत होती. पुढे फ्लोरिडात विंटर हेवनच्या सायप्रस गार्डन्समधल्या शोंनी हा खेळ गाजवला. बोटीला वळण मिळालं ते स्की शिकवणाऱ्यांकडून. मायामीच्या लिओ बेंट्झने लहान लाट सोडणारी बोट आखली. तिचा साचा १९६१ मध्ये ऑर्लॅंडोजवळच्या करेक्ट क्राफ्टने घेतला आणि स्की नॉटिक हे नाव सुरू झालं. करेक्ट क्राफ्ट ही १९२५ ची, मेलून कुटुंबाने सुरू केलेली कंपनी. १९६८ मध्ये टेनेसीत रॉब शर्लीने घोड्यांच्या तबेल्यात पहिली मास्टरक्राफ्ट बांधली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात मालिबू सुरू झाली.

आजही स्पर्धेच्या धक्क्यावर प्रामुख्याने हीच तीन नावं दिसतात: स्की नॉटिक, मास्टरक्राफ्टची प्रोस्टार, मालिबूची रिस्पॉन्स. 'सगळ्यांत चांगली कोणती' याचं उत्तर मी देत नाही. तिन्ही चालवून, तिन्हींच्या मागे स्की करून ठरवा.

१२. दुकानात सगळीकडे टॉवर लावलेल्या मोठ्या बोटी दिसतात. त्याच का घेऊ नयेत?

त्या वेकबोर्ड आणि वेकसर्फच्या बोटी. त्यांचं इंजिन मागे असतं, शाफ्ट आधी पुढे जाऊन गिअरपेटीतून मागे वळतो, म्हणून व्ही-ड्राइव्ह म्हणतात. त्यात पाण्याच्या टाक्या भरून मुद्दाम वजन वाढवतात, कारण तिथे मोठी लाट हीच गंमत. कुटुंबाला फिरायला, पोरांना सर्फ करायला त्या उत्तमच आहेत. स्लॅलमसाठी मात्र नेमक्या उलट्या.

हे मनापासून लिहिते: बाजार त्या बाजूला झुकल्यामुळे खऱ्या स्की बोटी थोड्याच बनतात आणि महाग झाल्या आहेत. नवी बोट एक लाख डॉलरच्या वर जाते. तळ्यावर शेजारी सर्फ बोट फिरू लागली की तिच्या लाटा तासभर काठांवर आपटत राहतात आणि स्लॅलमचा सराव बंद करावा लागतो. काठ ढासळतात ते वेगळंच. मला त्या लोकांबद्दल राग नाही, पण एकाच लहान तळ्यात दोन्ही खेळ एका वेळी होत नाहीत, हे परवानगी देणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.

१३. बोट मागे घेताना माझ्या हातात राहतच नाही. काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. या बोटींचं सुकाणू पंख्याच्या मागे असतं आणि पंख्याने फेकलेलं पाणी अंगावर आलं तरच ते काम करतं. पुढे जाताना झकास, मागे जाताना पाणी उलट दिशेने, म्हणून सुकाणू जवळपास निकामी. शिवाय मागे जाताना पंखा शेपटीला एका बाजूला ओढतो. पंखा डावीकडे फिरणारा असेल तर शेपूट उजवीकडे, उजवीकडे फिरणारा असेल तर डावीकडे. स्वतःच्या बोटीची बाजू ओळखा आणि धक्क्याला लागताना त्याच बाजूने या. मग जी गोष्ट त्रास देत होती तीच बोट अलगद धक्क्याला चिकटवते.

१४. सरळ जातानाही स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. फिन वाकले का?

आधी फिन आणि पंखा तपासा, लाकडाचा ओंडका लागलेला असू शकतो. दोन्ही ठीक असतील तर कारण पंख्याच्या पाण्याचा पीळ. तो सुकाणूवर एका बाजूने जास्त आदळतो. त्यावर जुना उपाय आहे: सुकाणूची मागची धार एका बाजूने कानशीने घासणं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गॅरेजमध्ये ट्रेलरखाली पाठीवर झोपून, कपाळावर दिवा लावून बसले होते. चार-पाच हात कानस फिरवली, पितळी रंगाचा भुगा गालावर पडला, बोट पाण्यात नेली, तर फरक एवढासाच. परत वर काढली, परत चार हात. चौथ्या फेरीला स्टिअरिंग सोडलं तरी बोट सरळ चालली. घाई केलीत तर ओढ दुसऱ्या बाजूला जाते, आणि घासलेला धातू परत येत नाही.

१५. गोव्यात, तारकर्लीत वॉटर-स्पोर्ट्सला असतात त्या बोटी याच का?

नाही. पॅरासेलिंग, बनाना राइड, बंपर राइड यांना आउटबोर्ड बोटी लागतात, आणि तेच योग्य आहे. समुद्राच्या लाटांत, वाळूवर टेकवायला, पटकन इंजिन वर उचलायला आउटबोर्डच बरं. स्की बोटीचा पंखा आणि सुकाणू तळाखाली कायमचे असतात, किनाऱ्याच्या उथळात ते आधी मोडतील. खारं पाणी हा दुसरा शत्रू. यांतल्या अनेक इंजिनांना थंड करायला बाहेरचंच पाणी आत खेळवतात, तेव्हा मिठाने आतून गंज चढतो. समुद्रात वापरायचीच असेल तर गोड पाण्याची बंद शीतलन व्यवस्था असलेलं इंजिन घ्या आणि दर वेळी साध्या पाण्याने धुऊन काढा.

१६. जुनी बोट घेतोय. काय बघू?

चमक बघू नका. तळाच्या आत लांबीने गेलेल्या आधाराच्या पट्ट्या जुन्या बोटींत लाकडी असत, वर फायबरग्लासचा लेप. पाणी मुरलं की लाकूड आतल्या आत कुजतं. इंजिन ज्यांवर बसवलंय ते बोल्ट पिळून बघा. सैल फिरले, घट्टच होत नसले तर लाकूड गेलं. पट्टीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, टणक आवाज यायला हवा, भदभद नव्हे.

मग पंख्याची पाती, शाफ्ट वाकलाय का, आणि तासांचं मीटर. जास्त तास चाललेली पण नीट सांभाळलेली बोट मी कमी तासांच्या, पाच वर्षं पडून राहिलेल्या बोटीपेक्षा केव्हाही घेईन. वेगयंत्रणेबद्दल प्रश्न ८ पाहा.

१७. देखभालीत लोक हमखास काय विसरतात?

इम्पेलर. बाहेरचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं हे रबरी चाक दरवर्षी बदलायचं. त्याची पाती तुटली की इंजिन तापतं, आणि तुटके तुकडे शोधून काढावे लागतात ते वेगळंच.

दुसरं, शाफ्टची सरळ रेषा. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांमधली फट चारही बाजूंनी मोजतात. फरक ०.०८ मिलीमीटरच्या आत हवा. बोट एकाएकी थरथरू लागली तर आधी हे बघा. शाफ्ट जिथून तळातून बाहेर पडतो तिथे जुन्या पद्धतीची दोरीची पॅकिंग असेल तर बोट चालताना थेंब-थेंब पाणी आत यायलाच हवं. ते थांबवायला नट करकचून आवळणारे शाफ्ट जाळतात.

मिशिगन-मिनेसोटाकडच्यांसाठी: थंडीपूर्वी इंजिनातलं पाणी पूर्ण काढा. आत गोठलं तर ब्लॉकला तडा जातो.

१८. तळं किती खोल हवं? आमच्या गावाजवळच्या लहान तलावात चालेल?

लहान चालतं, उथळ चालत नाही. पाणी फार कमी असेल तर तळ जवळ आल्याने लाटेचा आकार बदलतो आणि इंजिनावरचा भारही. दोन मीटरच्या आसपास खोली असली की चिंता नाही. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये या खेळासाठी मुद्दाम खोदलेली तळी आहेत: लांबट, अरुंद, दोन टोकांना वळायला बेटं. त्यांचे काठ मुद्दाम उतरते ठेवतात, म्हणजे लाट काठावर चढून विरते, उलटून परत येत नाही. उभ्या दगडी भिंतीचा तलाव दिसायला देखणा असला तरी स्लॅलमला निरुपयोगी.

उंचावरच्या ठिकाणी आणखी एक मुद्दा: हवा विरळ, म्हणून दर हजार मीटरला इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद कमी. तिथे पंखा बदलून भरपाई करतात.

१९. वाहत्या नदीत जीपीएस फसतं का?

फसत नाही, पण काय मोजतं ते समजून घ्यावं लागतं. जीपीएस जमिनीच्या तुलनेतला वेग मोजतं, आणि बोये जमिनीलाच नांगरलेले असतात. त्यामुळे वेळ बरोबर येते. स्की मात्र पाण्यावर चालते. प्रवाहाविरुद्ध जाताना पायाखालचं पाणी जास्त वेगाने येतं, प्रवाहाबरोबर जाताना कमी. एकाच ५५ वर एक फेरी टणक आणि दुसरी बुडल्यासारखी लागते. वाऱ्याचं थोडं वेगळं आहे. पाठीमागचा वारा बोटीला अडवत नाही, पण स्कीअरला पुढे ढकलतो आणि बोयाजवळ दोरी ढिली पडते. दोन्हींवर यंत्रणेत उपाय नाही. स्कीअरनेच आपलं वळण बदलायचं.

२०. चूक बोटीची झाली तर गुणांचं काय?

वेग मर्यादेबाहेर गेला तर पुन्हा फेरी मिळते, पण कोणाचा फायदा झाला त्यावर ती सक्तीची की ऐच्छिक ते ठरतं. बोट हळू गेली तर स्कीअरला सोपं गेलं, म्हणून फेरी पुन्हा घ्यावीच लागते. जोरात गेली तर त्याला अवघड गेलं, तेव्हा त्याने मिळवलेले गुण ठेवायचे की पुन्हा जायचं हे तो ठरवतो. रेषेचंही पाहतात. आखूड दोरीवर चालकाने बोट स्कीअरच्या बाजूला थोडी सरकवली तर त्याला बोया जवळ मिळतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत बोटीच्या मार्गाचं चित्रीकरण होतं आणि अलीकडे जीपीएसने मार्गाची नोंदही घेतात.

हे आल्यापासून काही चालक नाराज आहेत. मी नाही. माझ्या हातून दोन-तीन वेळा बोट सहाव्या बोयाला डावीकडे गेली होती आणि मला ते जाणवलंही नव्हतं. पडद्यावर रेषा बघितली तेव्हा कळलं की माझा डावा कोपर दमल्यावर खाली येतो. आता आसन दोन बोटं पुढे घेऊन बसते.